दोन दारांची लिफ्ट

सोमवार, ३ फेब्रुवारी

ठरलं! हॉस्पिटलची लिफ्ट बाबांच्या क्लासवरच उभी करायची. मीटिंग अकरा मिनिटांत संपवली. मतं मागायची वेळच आली नाही, कारण कंपनी नऊ माणसांची आणि निर्णय माझा.

नोंद राहावी म्हणून कारण लिहून ठेवते. आम्ही लिफ्ट चालवणारा कोड लिहितो. बटण दाबल्यावर ती कुठे जाईल, कशी थांबेल, दार कधी उघडेल, हे सगळं. वीस वर्षांपूर्वी बाबांनी एक मूळ क्लास, म्हणजे कोडचा साचा, लिहिला. नाव साधंच – ‘लिफ्ट’. आत चौदा कामं. त्यानंतर आम्ही बनवलेल्या सगळ्या लिफ्टा तिच्याच लेकी: सामानाची, कचेरीची, गाड्या वर चढवणारी. लेकीला घरचं सगळं आपोआप मिळतं, वेगळं हवं तेवढंच नव्यानं लिहायचं. याला इनहेरिटन्स म्हणतात. मी याला शहाणपण म्हणते. खाण तशी माती.

धाकट्या बहिणीचं अर्थातच वेगळं. ‘ताई, हिला दोन दारं आहेत. पुढे एक, मागे एक. ही त्या जुन्या लिफ्टची लेक नाहीच. हिला वेगळी उभी कर, आणि दाराचं काम दाराकडे सोपव, बॅटरीचं बॅटरीकडे.’ म्हणजे डेलिगेशन. लिफ्टनं स्वतः काही करायचं नाही, ज्याला त्याला नुसतं सांगायचं, तुझं तू बघ. मी म्हटलं, ‘ही लिफ्ट आहे की सरकारी कचेरी? या टेबलावरून त्या टेबलावर?’ सगळे हसले. ती हसली नाही.

खरं कारण मीटिंगमध्ये बोलले नाही, इथे लिहिते. बाबा घरी बसून चार वर्षं झाली. त्यांच्या हातचं या कंपनीत आता तेवढंच उरलं आहे. त्यांच्या हयातीत मी ते अडगळीत टाकणार नाही. बस्स.

मंगळवार, ४ फेब्रुवारी

धाकटी बोलत नाही. कामं मात्र भराभर करते आहे. चालेल.

गुरुवार, ६ फेब्रुवारी

बाबांच्या वेळेपासून लिफ्टा बसवणाऱ्या आमच्या मिस्त्रींबरोबर हॉस्पिटलची नवी इमारत बघून आले. रंगाचा वास, जिन्यात गोण्या, खिडक्यांना अजून कागद. तळमजला, पहिला, दुसरा – तिथे पुढचं दार. तिसऱ्यावर ऑपरेशनच्या खोल्या इमारतीच्या मागच्या अंगाला, म्हणून तिथे फक्त मागचं दार. पुढे विटांची भिंत.

चोवीस तारखेला तपासनीस येणार. त्यानं सही केली नाही तरी इमारत एक मार्चला उघडणारच आहे, तारीख हलत नाही. मी हॉस्पिटलच्या मेट्रनबाईंना विचारलं, समजा लिफ्ट नसली तर? त्या म्हणाल्या, ‘तर चार जण, चादरीची चार टोकं, आणि जिना.’ हातांनी करून दाखवलं. वळणावर चादर कशी वाकडी होते तेही दाखवलं. ते काही डोळ्यांसमोरून जाईना.

परतताना गाडीत मिस्त्री एकदम म्हणाले, ‘वहिनी यायच्या ना ऑफिसात, तेव्हा कामं कशी वेळेत व्हायची.’ आई तेव्हा दुपारचं जेवण घेऊन जायची. मिस्त्रींना वय झाल्यावर जेवणं आठवायला लागली आहेत.

रात्री जेवताना मी सगळं सांगत होते. आई मटार सोलत होती. मध्येच म्हणाली, ‘मागचं दार उघडायच्या वेळी पुढचं बंद आहे, हे कोण बघतं?’ म्हटलं, ‘बाबांच्या क्लासमध्ये आहे ते सगळं.’ ती म्हणाली, ‘नसणार. एकच दार होतं तेव्हा.’

मी म्हटलं, ‘आई, तुला नाही कळायचं ते.’ ती म्हणाली, ‘बरं.’ आणि मटारांकडे वळली.

शनिवार, ८ फेब्रुवारी

फजिती. पण छोटी!

खाट आत-बाहेर करायला वेळ लागतो, म्हणून दार उघडं राहायचा वेळ सहा सेकंदांचा वीस केला. केला कुठे, तर मूळ क्लासमध्ये. हातासरशी. काल मिस्त्रींनी कचेरीच्या लिफ्टला नवा कोड चढवला, आणि तिथेही वीस सेकंद! लेकच ती, घरचा नियम तिलाही लागू. सहा मजली कचेरीतली सगळी माणसं सकाळी नऊ वाजता उघड्या दारात एकमेकांची तोंडं बघत उभी. तिथल्या व्यवस्थापकांचा फोन आला – ‘बाई, आमची लिफ्ट विचारात पडली आहे का?’

अर्ध्या तासात परत सहा केले आणि खाटेच्या लिफ्टसाठी वेगळं लिहिलं. धाकटी एवढंच म्हणाली, ‘एकीला ताप आला की सगळ्या घराला औषध.’ मी ऐकलं नाही असं दाखवलं. वाक्य बरं होतं, म्हणून इथे ठेवते.

रविवार, ९ फेब्रुवारी

बाबांना विचारलं, ‘मूळ क्लासमध्ये दाराचा भाग असा आतल्या आत का ठेवलात?’ बागेत नळी जोडत होते. म्हणाले, ‘असेल काहीतरी कारण.’ इतकंच! दुसऱ्या कुणी असतं तर तासभर स्वतःची आरती ओवाळली असती. थोर माणसाची हीच खूण, केलेलं बोलून दाखवत नाही. मी त्या वर्षी शिकायला बाहेर होते, नाहीतर लिहिताना बघितलं असतं त्यांना. एका बोटानं टाइप करत असणार. कोडमध्ये त्यांनी मध्येमध्ये टिपा लिहिल्या आहेत, त्या मला पाठ आहेत. ‘निघण्यापूर्वी दार लागल्याची खात्री दोनदा करणे.’ ‘माणूस आत असेल असे धरूनच चालणे.’ असं लिहिणारं आता कोण आहे?

संध्याकाळी सगळे मावशीकडे गेलो. आईनं नेहमीप्रमाणे कुलूप लावलं, ओढून बघितलं, चार पावलं गेली, परत येऊन ओढून बघितलं. बाबा गाडीत बसून हसत होते. आम्ही उशिरा पोचलो.

मंगळवार, ११ फेब्रुवारी

आज हात नुसता चालत होता! ‘दार उघड’ हे काम लेकीसाठी नव्यानं लिहिलं. कुठला मजला आहे ते बघायचं, तिसरा असेल तर मागचं दार, नाहीतर पुढचं. बाकी सगळं बाबांचं जसंच्या तसं. एकूण बत्तीस ओळी! धाकटीच्या पद्धतीनं केलं असतं तर पंधरा दिवस गेले असते. उद्या जागेवर चाचणी.

बुधवार, १२ फेब्रुवारी

लिहावंसं वाटत नाही. तरी लिहिते.

चाचणीला खाटेवर वाळूच्या गोण्या ठेवायच्या असतात. मी म्हटलं, गोण्या कशाला, मी झोपते. दिमाख! मिस्त्री ‘नको’ म्हणत होते. मी चप्पल काढून खाटेवर आडवी झाले, अंगावर चादर घेतली, हॉस्पिटलमधला एक वॉर्डबॉय हसला. सगळे बाहेर गेले. दार लागलं.

पहिला, दुसरा, तिसरा – छान. मागचं दार उघडलं, लागलं. खाली येताना ठरल्याप्रमाणे मिस्त्रींनी मुख्य वीज तोडली. अंधार. मग बॅटरीचा छोटा दिवा. वीज गेली की लिफ्टनं बॅटरीवर जवळच्या मजल्याला जायचं आणि दार उघडायचं, हे बाबांचं ‘सुटका’ नावाचं काम. आजवर एकदाही चुकलं नव्हतं. लिफ्ट हळूहळू वर सरकली, तिसऱ्याला थांबली. दार उघडलं.

समोर भिंत.

पुढचं दार उघडलं होतं. माझ्या पायांपासून वीतभर अंतरावर विटा. त्यांवर गवंड्यानं पेन्सिलीनं काढलेली एक फुली. मागे, डोक्याच्या बाजूला, जिथून बाहेर पडायचं ते दार घट्ट बंद. मला सगळं माहीत होतं, आणि घड्याळात बघितलं तर मला बाहेर काढायला त्यांना सातच मिनिटं लागली. पण आडवं पडून अंगावर चादर घेऊन ती भिंत बघताना मला काहीच माहीत नव्हतं. मी ओरडले. लाज वाटते, पण ओरडले.

बाहेर काढल्यावर मिस्त्रींनी पाण्याचा ग्लास दिला.  धाकटी माझी चप्पल हातात घेऊन उभी होती.

गुरुवार, १३ फेब्रुवारी

कारण सापडलं. बाबांचं ‘सुटका’ माझ्या नव्या ‘दार उघड’ला विचारतच नाही. ते आतल्या आत आपलं जुनं, एकुलतं एक पुढचं दार उघडून मोकळं होतं. त्याला ठाऊकच नाही की लेकीच्या घराला मागचंही दार आहे. त्याची चूक नाही. वीस वर्षांपूर्वी मागचं दार नव्हतंच.

सोपं आहे. ‘सुटका’ही लेकीसाठी नव्यानं लिहिलं. झालं. एका भिंतीनं घाबरून वंश बुडवायचा नसतो.

शुक्रवार, १४ फेब्रुवारी

वजन जास्त झालं की दार उघडं धरायचं, तेही तिसऱ्यावर पुढचंच उघडं धरतं. नव्यानं लिहिलं. आगीचा इशारा – तेच. नव्यानं लिहिलं. मध्येच कुणी हात घातला तर – नव्यानं लिहिलं.

दुपारी मोजलं. चौदा कामांपैकी नऊ मी बदलली आहेत. नऊ! आता हिला त्या घरची लेक का म्हणायचं? नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा.

आणि खरी भीती बदललेल्या नऊंची नाहीच. न बदललेल्या पाचांमध्ये आणखी कुठे ते जुनं दार दडून बसलं आहे, हे मला छातीठोकपणे सांगता येत नाही. छातीठोकपणे सांगणं हा तर माझा धंदा आहे.

शनिवार, १५ फेब्रुवारी

सुट्टी असून ऑफिसला गेले. धाकटी आधीच येऊन बसलेली. माझ्याआधी ती कधी येते? कधीच नाही.

मी खुर्ची ओढून तिच्या टेबलाशी बसले. म्हटलं, ‘मी चुकले.’ एवढं ठणकावून म्हटलं की तीच दचकली. चुकायचं तर निम्मंशिम्मं कशाला चुकायचं! मग विचारलं, ‘कधीपासून माहीत होतं तुला?’ म्हणाली, ‘माहीत नव्हतं. मी फक्त विचारलं होतं, की ही लिफ्ट बाबांच्या लिफ्टचा एक प्रकार आहे, का तिला बाबांच्या लिफ्टमधल्या काही गोष्टी लागतात? दोन्ही वेगळं आहे, ताई. लागतात म्हणून नातं कशाला जोडायचं? मागून घ्यायच्या.’

हे तिनं तीन तारखेलाही म्हटलं होतं. मी तेव्हा सरकारी कचेरीचा विनोद करत होते. कानामागून आली आणि तिखट झाली! पण खरं सांगायचं तर मला तिचा अभिमान वाटला. तिला सांगितलं नाही, शेफारेल.

मग तिनं खालच्या आवाजात विचारलं, ‘आणि बाबांना?’

म्हटलं, ‘सही होऊ दे. मग मी सांगते.’

सोमवार, १७ फेब्रुवारी

नवी लिफ्ट कुणाची लेक नाही. तिच्याकडे फक्त एक यादी आहे, कोणतं काम कुणाकडे द्यायचं. पुढचं दार स्वतंत्र, मागचं स्वतंत्र, आणि त्या दोघांवर एक दारवान – एका वेळी एकच दार उघडेल हे बघणारा, मजल्याप्रमाणे कुठलं ते ठरवणारा. वीज जावो, आग लागो, वजन वाढो, जो तो दारवानालाच विचारणार. त्याला चुकवून परस्पर कुणाला दार उघडताच येत नाही. म्हणजे भिंत दिसायला वाटच नाही.

आईला रात्री सहज म्हटलं, एक दारवान ठेवला आहे. ती म्हणाली, ‘छान केलंस.’ हिला काय कळलं म्हणून मी जरा हसले.

बुधवार, १९ फेब्रुवारी

मला वाटलं होतं पंधरा दिवस लागतील. तीन दिवसांत सांगाडा उभा! दाराला दार म्हणून वेगळं तपासता येतं, लिफ्ट जोडायचीही गरज नाही. धाकटी दारं लिहिते, मी सुटका. दोघींनी एकाच प्लेटमध्ये जेवायचं सोडल्याला पंचवीस वर्षं झाली असतील, आज परत जेवलो.

जुन्या क्लासमधली एकच गोष्ट जशीच्या तशी उचलून आणली, टिपेसकट. ‘निघण्यापूर्वी दार लागल्याची खात्री दोनदा करणे.’ दारवानाच्या अगदी वरच्या ओळीला ठेवली. बाबांचं एवढं तरी राहो.

शुक्रवार, २१ फेब्रुवारी

परत झोपले खाटेवर. मिस्त्री म्हणाले, ‘ताई, गोण्या आहेत की.’ म्हटलं, गोण्या ओरडत नाहीत.

तिसऱ्याच्या जवळ वीज तोडली. अंधार, छोटा दिवा, सरकणं. पायांकडचं दार बंदच राहिलं. डोक्यामागून उजेड आला. मान उलटी करून बघितलं तर धाकटी उभी, उलटी दिसणारी, दात काढून हसणारी. सतरा वेळा केलं. सतराही वेळा उजेड मागूनच.

सोमवार, २४ फेब्रुवारी

सही झाली!

तपासनीस मितभाषी माणूस. चार तास होता. सगळं झाल्यावर एकच प्रश्न – ‘दोन्ही दारं एकदम उघडायला भाग पाडून दाखवा.’ आम्ही बाजूला झालो, म्हटलं, तुम्हीच पाडा. पंधरा मिनिटं खटपट केली. नाही जमलं. मग खिशातून पेन काढलं. मेट्रनबाईंनी जिन्यासाठी हाताशी ठेवलेली चादरीची घडी उचलली आणि कपाटात ठेवून दिली.

मंगळवार, २५ फेब्रुवारी

आज सांगायचं होतं बाबांना. नाही सांगितलं. बागेत होते, मग झोपले होते, मग बातम्या लागल्या. कारणं मला कधी कमी पडत नाहीत. तपासनिसासमोर मान ताठ होती, आणि एका म्हाताऱ्या माणसाला ‘तुमचं काम मी बाजूला ठेवलं’ एवढं सांगायला मुहूर्त सापडत नाही. धाकटी म्हणाली, ‘मी सांगू?’ नाही. हे काम सोपवण्यातलं नाही.

बुधवार, २६ फेब्रुवारी

सांगितलं. सकाळी, चहाच्या वेळी. ‘बाबा, हॉस्पिटलच्या लिफ्टला तुमचा क्लास नाही वापरला. पुढेही वापरणार नाही.’

बाबांनी कप खाली ठेवला. ‘माझा? अगं, मला अजून मेल पाठवता येत नाही. मी दोर आणि मोटारी बघायचो. कोड लिहायचं सगळं तुझ्या आईवर सोपवलेलं होतं. वर माझं नाव घातलं, कारण कंपनी माझ्या नावाची.’

आई ओट्याशी पाठमोरी उभी होती. मी विचारलं, का नाही सांगितलंस? ती म्हणाली, ‘बाबांचं म्हणून इतकं जपत होतीस. म्हटलं, राहू दे.’ मग हात पुसत वळली आणि विचारलं, ‘निघायच्या आधी दार दोनदा बघते ना अजून?’

बघते, म्हटलं.